देवाची आज्ञा आणि सरकारचा हुकूम : ख्रिस्ती विचार काय सांगतो?

इ.स. 57 च्या सुमारास पौलाने करिंथ शहरातून रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिलं. त्याच्या तेराव्या अध्यायात तो सांगतो, की राज्यकर्त्यांचा अधिकार देवाच्या योजनेतून आलेला आहे; म्हणून त्यांच्या अधीन राहा, कर भरा, ज्याचा मान त्याला द्या. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. इ.स. 64 च्या आगीनंतर याच नीरोने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं. परंपरा सांगते, की पौलाचा शिरच्छेदही त्याच्याच कारकिर्दीत झाला.

ख्रिस्ती माणसापुढचा सगळा पेच या घटनाक्रमात आहे. सरकारचं ऐकावं, हे शास्त्रात आहे. सरकार देवाच्या विरुद्ध हुकूम देतं तेव्हा ऐकू नये, हेही शास्त्रात आहे. मग हद्द कुठे, ती कोणी ठरवायची आणि नकार द्यायचा तो कसा? या प्रश्नांवर चर्चमध्ये कधीच एकमत नव्हतं, आजही नाही. माझं मत आधीच सांगतो. ख्रिस्ती परंपरेत आज्ञापालन हा नियम आहे आणि नकार हा अपवाद. पण इतिहासात चर्चच्या हातून जी मोठी पापं घडली, त्यांतली बरीचशी चुकीच्या वेळी मान डोलावल्यामुळे घडली आहेत.

शास्त्रात काय आहे?

आज्ञापालनाच्या बाजूने बोलणारे उतारे बरेच आहेत. पौलाचं वर सांगितलेलं पत्र आहेच. पेत्राच्या पहिल्या पत्रातही राजा आणि अधिकारी यांचा मान राखायला सांगितलं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. कराबद्दल येशूला पेचात पकडायला लोक आले, तेव्हा त्याने एक नाणं मागवलं. त्यावरची मुद्रा कैसराची, म्हणजे रोमन सम्राटाची, आहे हे त्यांच्याच तोंडून वदवलं आणि सांगितलं, की त्याचं ते त्याला द्या आणि देवाच्या मालकीचं जे आहे ते देवाला द्या. कर भरायला त्याची ना नव्हती. पण कैसराच्या हक्काचं काहीतरी असतं तसं त्याच्या हक्काबाहेरचंही काहीतरी असतं, हेही त्याच उत्तरात आलं.

दुसऱ्या बाजूचे प्रसंग तितकेच ठसठशीत आहेत. निर्गमाच्या पुस्तकात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. इब्री बायकांना मुलगा झाला तर तो मारून टाका, असा इजिप्तच्या राजाचा, फारोचा, हुकूम होता. त्या दोघींनी तो पाळला नाही आणि शास्त्र त्यांचं कौतुक करतं. दानीएलच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढे वाकायला नकार देतात. खुद्द दानीएल बंदी असताना खिडकी उघडी ठेवून प्रार्थना करतो. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये यरुशलेमची न्यायसभा शिष्यांना येशूच्या नावाने शिकवण्याची मनाई करते. त्यावर पेत्राचं उत्तर असं, की देव आणि माणूस यांतल्या एकाचंच ऐकायची वेळ आली तर आम्हाला देवाचं ऐकलं पाहिजे.

या चारही प्रसंगांत नकार ठरावीक हुकमापुरता आहे. दानीएल बंदी घालणाऱ्या राजाच्याच दरबारात मोठ्या हुद्द्यावर काम करत होता आणि प्रार्थना सोडून बाकी कारभारात निष्ठेने वागत होता. पेत्र आणि त्याच्या सोबत्यांनी फटके खाल्ले, न्यायसभेवर हात उगारला नाही आणि पुढेही रोज शिकवत राहिले. सुइणींचं मात्र वेगळं आहे. त्यांनी फारोपुढे उघड नकार दिला नाही, सबब सांगितली. दुसऱ्याचा जीव वाचवायचा असेल तर सत्य लपवलेलं चालतं का, हा वाद प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनपासून चालत आला आहे. ऑगस्टीनने अशा खोट्यालाही परवानगी दिली नव्हती. मला त्या सुइणींच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं.

शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, याच्या तेराव्या अध्यायात राजसत्ता समुद्रातून वर येणाऱ्या आणि स्वतःची पूजा करवून घेणाऱ्या श्वापदाच्या रूपात येते. म्हणजे एकाच नव्या करारात सत्ता एका ठिकाणी देवाची सेवक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी श्वापद. पौलाचा तेरावा अध्याय वाचणाऱ्याने हा तेरावाही वाचायला हवा.

आज्ञाधारक म्हणजे मुका नव्हे

पौलाचं पत्र पुढे करून लोकांना गप्प बसवणारे त्याच पौलाचं वागणं विसरतात. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, की यांना सोडून द्या. पौल हलला नाही. आम्ही रोमचे नागरिक आहोत, आम्हाला चारचौघांत बेकायदा मारलं, आता गुपचूप बाहेर काढता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला न्यावं, असं त्याने ठणकावलं. अधिकाऱ्यांना यावं लागलं. पुढे कैसरियात सुभेदार फेस्त याच्यापुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागण्याचा आपला हक्क बजावला.

अधीन राहणं आणि जाब विचारणं या दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे इथे दिसतं. लोकशाहीत तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते. राज्यघटना हाच जिथे सर्वोच्च अधिकार आहे, तिथे कोर्टात जाणं, अर्ज करणं, मोर्चा काढणं ही अवज्ञा ठरत नाही. ते व्यवस्थेने दिलेलं काम आहे. वसईचा हरित पट्टा वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून लढले, ते याच वाटेने.

चिमूटभर धूप

पहिल्या तीनशे वर्षांत प्रश्न सरळ होता. इ.स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या प्रांताचा, सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं, की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? त्याची कसोटी अशी होती : देवतांचा धावा करावा, सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि द्राक्षारस वाहावा, ख्रिस्ताला शिव्या द्याव्यात. करील तो सुटेल. वारंवार विचारूनही नाकारील त्याला मृत्युदंड.

सम्राट डेसियसने 249-250 मध्ये ही गोष्ट साम्राज्यभर सक्तीची केली. प्रत्येकाने बळी अर्पण करायचा आणि केल्याचा दाखला घ्यायचा. असे पपायरसवरचे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. त्या वेळी ख्रिस्ती समाजात सगळ्या तऱ्हा झाल्या. कोणी बळी दिला, कोणी पैसे चारून नुसता दाखला मिळवला, कोणी पळालं, कोणी मेलं. कार्थेजचा बिशप सिप्रियन त्या वेळी लपून राहिला आणि त्यावरून त्याला बोल लागले. पुढच्या छळात, 258 मध्ये, त्याने पळायचं टाळलं आणि त्याचा शिरच्छेद झाला. छळ ओसरल्यावर दाखला घेतलेल्यांना मंडळीत परत घ्यायचं का, यावर चर्च कित्येक वर्षं भांडत राहिलं.

हे लोक कर भरत होते, सम्राटासाठी प्रार्थना करत होते, बंड करत नव्हते. कार्थेजच्या टर्टुलियनने तर लिहून ठेवलं, की आम्ही सम्राटाच्या भल्यासाठी देवाकडे मागणं मागतो. त्यांचा नकार पूजेपुरता होता. सैन्याबद्दल मतभेद होते : काही ख्रिस्ती रोमन सैन्यात होते, तर 295 मध्ये आजच्या अल्जीरियातल्या टेबेसा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने भरती व्हायला नकार दिला आणि त्याला ठार करण्यात आलं.

मग 313 मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि 380 मध्ये थिओडोसियसने त्याला साम्राज्याचा धर्म केलं. इथून प्रश्नाचं रूप बदललं. राजाच मंडळीत येऊन बसला होता. 390 मध्ये थेसलनीकातल्या दंगलीचा सूड म्हणून थिओडोसियसच्या सैनिकांनी तिथल्या लोकांची कत्तल केली, तेव्हा मिलानच्या बिशप अँब्रोजने सम्राटाला प्रायश्चित्त घेतल्याशिवाय प्रभुभोजन द्यायला नकार दिला. सम्राटाने प्रायश्चित्त घेतलं. अँब्रोजसारखी माणसं पुढच्या हजार वर्षांत फार निघाली नाहीत, आणि राजाच्या तलवारीने पाखंड्यांना सरळ करावं असं म्हणणारे बिशप मात्र पुष्कळ निघाले.

अन्यायी कायदा बांधतो का?

अन्यायी कायद्याला कायदा म्हणता येत नाही, असं ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकात मांडलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्याची नीट मांडणी केली आणि कॅथलिक विचार आजही मुख्यतः तिच्यावर उभा आहे.

त्याच्या मते कायदा दोन तऱ्हांनी अन्यायी ठरू शकतो. एक, तो माणसाच्या हिताविरुद्ध असतो : राज्यकर्त्याने स्वतःच्या हव्यासासाठी केलेला, आपल्या अधिकाराबाहेर जाऊन केलेला किंवा ओझं विषम वाटणारा. असा कायदा सदसद्विवेकबुद्धीला बांधत नाही. पण तो मोडल्याने अनर्थ किंवा गोंधळ होणार असेल तर माणसाने आपला हक्क सोडून तो पाळावा. दोन, तो देवाच्या आज्ञेविरुद्ध असतो, उदाहरणार्थ मूर्तिपूजेची सक्ती. असा कायदा कोणत्याही परिस्थितीत पाळायचा नाही.

पहिल्या प्रकारात हिशोब करायला जागा आहे, दुसऱ्या प्रकारात नाही. अक्वायनसची ही विभागणी मला फार उपयोगी वाटते, कारण खटकलेला प्रत्येक नियम थेट देवाविरुद्धचं युद्ध आहे असं मानण्यापासून ती माणसाला वाचवते. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथातही हेच सूत्र आहे : नैतिक व्यवस्थेविरुद्ध जाणारे सरकारी आदेश न पाळणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, हक्क तर आहेच.

लूथर, कॅल्विन आणि तलवार टाकणारे

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने या प्रश्नाला नवी धार आली, कारण आता एकाच देशात दोन-तीन तऱ्हेचे ख्रिस्ती होते आणि राजा त्यांतल्या एकाच बाजूला होता.

मार्टिन लूथरने केलेला नव्या कराराचा जर्मन अनुवाद बाळगण्यावर सॅक्सनीच्या ड्यूक जॉर्जने बंदी घातली आणि लोकांनी आपल्याकडच्या प्रती जमा कराव्यात असं फर्मान काढलं. 1523 मध्ये लूथरने ऐहिक सत्तेवर पुस्तिका लिहिली. तिच्यात सल्ला असा, की एक पानही स्वतःच्या हाताने नेऊन देऊ नका. पण शिपाई घरात शिरून पुस्तक हिसकावून नेऊ लागले तर त्यांच्याशी मारामारी करू नका, सोसा. शरीर आणि मालमत्ता राजाच्या अखत्यारीत येतात, आत्म्यावर त्याची सत्ता नाही. पण दोनच वर्षांनी, 1525 मध्ये, जर्मन शेतकऱ्यांचा उठाव पेटला असताना याच लूथरने सरदारांना त्यांना निर्दयपणे चिरडायला सांगितलं. हजारोंनी शेतकरी मारले गेले. लूथरच्या चरित्रावरचा हा डाग त्याच्या अनुयायांनाही पुसता आलेला नाही, आणि पुढे जर्मन प्रोटेस्टंट चर्चला सत्तेपुढे वाकण्याची जी सवय लागली, तिचं एक मूळ इथे आहे असं मला वाटतं.

जॉन कॅल्विनने वेगळी फट ठेवली. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तो सांगतो, की सामान्य माणसाने जुलमी राजाविरुद्ध उठू नये. पण राजाला आवर घालायला नेमलेले जे कनिष्ठ अधिकारी असतात त्यांनी गप्प बसणं म्हणजे लोकांशी बेइमानी. 1550 मध्ये माग्डेबुर्ग शहराच्या पाळकांनीही सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध हाच युक्तिवाद मांडला. फ्रान्स, स्कॉटलंड आणि नेदरलँड्समधल्या लढ्यांना यातून बळ मिळालं.

तिसरा रस्ता ॲनाबाप्टिस्ट पंथीयांचा. 1527 मध्ये श्लाइटहाइम इथे जमून त्यांनी ठरवलं, की तलवार देवाने जगाच्या कारभारासाठी ठेवली असली तरी ख्रिस्ताच्या शिष्याने ती हातात धरायची नाही; शपथही घ्यायची नाही. हा मसुदा करणाऱ्या मिखाएल झाटलरला त्याच वर्षी हाल करून मारलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोघांनीही या लोकांना जाळलं, बुडवलं. आजचे मेनोनाइट त्यांचेच वारस, आणि क्वेकर पंथही युद्धाबद्दल याच मताचा. लष्करी सेवा नाकारून तिच्या जागी दुसरं राष्ट्रीय काम करण्याचा जो कायदेशीर मार्ग आज अनेक देशांत आहे, तो मिळवण्यात या छोट्या पंथांचा मोठा वाटा आहे.

जर्मनी, 1933 ते 1945

या विषयावरची सगळ्यात कठीण परीक्षा जर्मन चर्चची झाली आणि त्यात बहुतेक जण नापास झाले. हिटलर सत्तेवर आला तो कायद्याच्या चौकटीतून. पौलाचा तेरावा अध्याय प्रवचनांतून सांगितला जाऊ लागला. ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाने तर ज्यू वंशाच्या ख्रिस्ती पाळकांना काढून टाकण्याचा कायदा चर्चमध्ये आणायचा प्रयत्न केला. 1934 च्या मे महिन्यात बार्मेन शहरात विरोधी पाळक जमले. धर्मपंडित कार्ल बार्थने मुख्यतः लिहिलेल्या त्यांच्या घोषणापत्राने सांगितलं, की ख्रिस्ताशिवाय कोणताही नेता चर्चचा धनी नाही आणि राज्यसंस्थेला माणसाच्या सगळ्या आयुष्याची एकमेव व्यवस्था बनता येणार नाही. धाडसाचं काम होतं ते. पण त्यात ज्यूंच्या छळाबद्दल एक शब्द नव्हता. आपल्या चर्चचं स्वातंत्र्य त्यांना दिसलं, शेजाऱ्याचं मरण दिसलं नाही.

1938 मध्ये प्रोटेस्टंट चर्चच्या सरकारधार्जिण्या प्रमुखाने पाळकांना हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं. बहुतेकांनी घेतली, बार्मेनच्या बाजूच्या अनेकांनीही घेतली. काही महिन्यांनी नाझी पक्षाच्या मार्टिन बोरमनने कळवलं, की ही शपथ चर्चची अंतर्गत बाब आहे, पक्षाला तिच्याशी देणंघेणं नाही. कोणी सक्ती न करता दिलेली ती निष्ठा होती.

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरने 1933 मध्येच लिहिलं होतं, की चर्चने सरकारला जाब विचारावा, सरकारच्या बळींना मदत करावी, ते बळी ख्रिस्ती नसले तरी. आणि तेवढ्याने भागत नसेल तर चालतं चाकच अडवावं. पुढे तो हिटलरविरोधी कटात सामील झाला. 1943 मध्ये अटक झाली, 9 एप्रिल 1945 ला फ्लोसेनबुर्ग छावणीत फाशी. कट करणं, खोटं बोलणं, हत्येच्या योजनेला साथ देणं यांत पाप आहे हे त्याने नाकारलं नाही. ते पाप डोक्यावर घेऊनच कृती करावी लागेल, असं त्याचं म्हणणं होतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फ्रान्झ येगरश्टेटर उभा आहे. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा हा कॅथलिक शेतकरी, चर्चचा सेवेकरी, तीन लहान मुलींचा बाप. 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यावर मतदान झालं, तेव्हा गावात विरोधात मत देणारा तो एकटा. 1943 मध्ये सैन्यात बोलावणं आलं. हजर होऊन त्याने सांगितलं, की मी या युद्धात लढणार नाही. शुश्रूषा पथकात काम करायची तयारी दाखवली, ती मान्य झाली नाही. त्याआधी तो लिंझच्या बिशपला भेटला होता. बिशपने सांगितलं, की युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणं तुझं काम नाही, तू तुझ्या कुटुंबाकडे बघ. गावच्या लोकांनीही तेच सांगितलं. 9 ऑगस्ट 1943 ला ब्रांडेनबुर्ग इथे त्याचा शिरच्छेद झाला. युद्धानंतरही काही वर्षं त्याच्या बायकोला, फ्रान्झिस्काला, युद्धविधवेचं निवृत्तिवेतन नाकारलं गेलं. 2007 मध्ये चर्चने त्याला धन्यवादित घोषित केलं, तेव्हा नव्वदी ओलांडलेली फ्रान्झिस्का समारंभाला हजर होती.

त्या बिशपचा सल्ला मला पुन्हा पुन्हा अस्वस्थ करतो, कारण तो वाईट माणसाचा नव्हता. आपल्या भागातल्या एका तरुण बापाचा जीव वाचावा, एवढंच त्याला हवं होतं. पण युद्ध न्याय्य आहे का हा प्रश्न शिपायाने विचारायचा नाही, असं एकदा म्हटलं, की मग तो विचारायला कोणी उरत नाही.

बर्मिंगहॅम आणि सोवेटो

अमेरिकेत 1963 च्या एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग यांनी कोर्टाची मनाई मोडून बर्मिंगहॅममध्ये मोर्चा काढला आणि ते तुरुंगात गेले. अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वर्तमानपत्रातून सांगितलं होतं, की ही आंदोलनं अवेळी आहेत, कोर्टात जा. किंग यांनी तुरुंगातून उत्तर लिहिलं, त्यात ऑगस्टीन आणि अक्वायनस दोघेही आहेत, शद्रख-मेशख-अबेद्नगोही आहेत. अन्यायी कायदा मोडायचा तर उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगायच्या तयारीने मोडावा, ही त्यांची अट होती. तसं करणारा माणूस कायद्याचा खरा आदर करतो, असं ते म्हणत.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने कित्येक दशकं वर्णभेदाला शास्त्राधार पुरवला. 1982 मध्ये ओटावात जागतिक रिफॉर्म्ड संघटनेने त्या शिकवणीला पाखंड ठरवून या चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं. 1985 च्या कैरोस दस्तऐवजाने, ज्याच्यामागे सोवेटो आणि जोहान्सबर्ग भागातले धर्मपंडित होते, दोन दुखऱ्या जागांवर बोट ठेवलं. एक, पौलाचा तेरावा अध्याय संदर्भ तोडून सरकारच्या बचावाला वापरणारी शिकवण. दुसरी, अन्याय तसाच ठेवून दोन्ही बाजूंना समेट करा सांगणारी मवाळ शिकवण. दुसरीवरचा त्यांचा घाव मला जास्त खोल वाटतो, कारण ती सभ्य लोकांना सहज पटते.

पुणे, नागपूर

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध ब्रिटिश काळात आला, कारण राज्यकर्ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते.

1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताचा जाच सुरू असताना पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारी रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत बायकांचे काय हाल होतात ते मांडलं. सरकारने त्यांचे आरोप फेटाळले, प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. मिशनच्या कामासाठी इंग्रजी समाजाच्या देणग्यांची गरज असलेली, ख्रिस्ती झालेली स्त्री ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारला जाब विचारत होती. चर्चमधल्या वरिष्ठांनी माझ्या विवेकावर मालकी सांगू नये, हेही त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या धर्मभगिनींना पत्रांतून कळवलं होतं.

इंग्रज धर्मगुरू व्हेरियर एल्विन 1927 मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. गांधीजींकडे ओढले गेले आणि 1930 मध्ये त्यांनी ख्रिस्त आणि सत्याग्रह यांवर पुस्तिका लिहून कायदेभंग ख्रिस्ती शिकवणीशी सुसंगत आहे असं मांडलं. पुढे संघातलेच मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह ते गोंडांमध्ये राहायला गेले. तो भाग नागपूरच्या बिशपच्या अधिकारात होता. बिशप अलेक्स वूड यांनी धर्मसेवेचा परवाना देण्यासाठी ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ मागितली. एल्विन यांनी नकार दिला. मात्र 1932 मध्ये इंग्लंडहून परतताना भारतात प्रवेश मिळावा म्हणून राजकीय चळवळीपासून दूर राहण्याची हमी त्यांनी सरकारला दिली. कोणी याला तडजोड म्हणेल. गोंडांपाशी परतणं त्यांना त्या हमीपेक्षा मोलाचं वाटलं, आणि देवाच्या सेवेसाठी राजाची शपथ लागू नये, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

आजचे वाद

आज बहुतेक देशांत धूप वाहण्याची सक्ती नाही. त्यामुळे वाद धूसर झाले आहेत. 1982 मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन इथल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चने मध्य अमेरिकेतल्या यादवीतून पळालेल्या निर्वासितांना कायदा डावलून आसरा जाहीर केला आणि अनेक चर्च त्यात सामील झाली. 2015 मध्ये केंटकीतल्या एका काउंटी क्लार्कने समलिंगी जोडप्यांना विवाह परवाना द्यायला नकार दिला आणि काही दिवस तुरुंगात काढले. या दोन्ही ठिकाणी देवाचं नाव घेतलं गेलं, पण मला दोन्ही गोष्टी सारख्या वाटत नाहीत. पहिल्यात नकार देणाऱ्याने स्वतःवर धोका घेऊन दुसऱ्याला आधार दिला. दुसऱ्यात सरकारी खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीने दुसऱ्याचा कायदेशीर हक्क अडवला. विवेक परवानगी देत नसेल तर अधिकाऱ्याला खुर्ची सोडण्याचा मार्ग असतो.

कोविडच्या काळात हा प्रश्न घरोघर पोचला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं 2020 च्या मार्चपासून बंद होती, ती दिवाळी पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडली. इथल्या चर्चनी आदेश पाळले आणि उपासना मोबाईलवर नेल्या. कॅलिफोर्नियात मात्र जॉन मॅकआर्थर यांच्या चर्चने जुलै 2020 पासून बंदी झुगारून उपासना घेतल्या. एकत्र जमणं ही शास्त्राची आज्ञा आहे आणि ती थांबवण्याचा हक्क सरकारला नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. बंदी अनंत काळ चालली असती किंवा फक्त चर्चवर असती तर मीही त्यांच्या बाजूने लिहिलं असतं. पण सिनेमागृहांसह इतर अनेक ठिकाणांनाही लागू असलेला, जीव वाचवण्यासाठीचा तात्पुरता आदेश अक्वायनसच्या दुसऱ्या प्रकारात बसत नाही. इथे नकाराची किंमत मंडळीतल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला मोजावी लागू शकत होती.

म्हणून असा प्रसंग येईल तेव्हा मी तरी आधी एवढंच विचारीन : हुकूम मला पाप करायला लावतो आहे की नुसती गैरसोय करतो आहे? दाद मागायचे मार्ग संपले आहेत का? माझ्या नकाराचा भार मी उचलणार आहे की माझ्याहून दुबळा कोणी? आणि मी जे करतो आहे ते उघड सांगायची माझी तयारी आहे का? शेवटच्या प्रश्नाला सुइणींचा अपवाद ठेवावा लागतो : जिथे उघड बोलल्याने तिसऱ्याचा जीव जाईल, तिथे.

केरळमधली तीन मुलं

भारतात या प्रश्नावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल एका लहानशा पंथामुळे लागला. यहोवाचे साक्षीदार स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्रैक्य नाकारत असल्याने बाकीची चर्च त्यांना आपल्यात धरत नाहीत. देवाखेरीज कोणाचंही स्तवन गायचं नाही, हा त्यांचा कडक नियम, म्हणून ते राष्ट्रगीतही गात नाहीत. नाझी जर्मनीत हिटलरला सलाम करायला नकार दिल्याने त्यांना छावण्यांत जांभळा त्रिकोण लावून ठेवलं होतं. राष्ट्रगीताबद्दल भारतातल्या इतर ख्रिस्ती लोकांना अशी कोणतीही अडचण नाही. ते आनंदाने गातात.

केरळातल्या एका शाळेत या पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीत चालू असताना रोज आदराने उभी राहत, पण गात नसत. एका आमदाराने ते पाहून विधानसभेत प्रश्न उपस्थित केला. चौकशीत मुलं शिस्तीची असल्याचं आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केला नसल्याचं निष्पन्न झालं, तरी जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं गेलं. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. 11 ऑगस्ट 1986 ला सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी निकाल दिला : राष्ट्रगीत गायलाच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही, आदराने उभं राहणं हा अवमान नव्हे, मुलांना काढल्याने घटनेच्या 19 आणि 25 या कलमांनी दिलेल्या अभिव्यक्तीच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या हक्कांचा भंग झाला. त्यांना शाळेत परत घ्यावं, असा आदेश झाला. हा निकाल आजही कायम आहे, आणि त्याचा आधार या देशातल्या प्रत्येक धर्माच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसालाही मिळतो.